घरातला पाऊस

माणसाला शेवटी शांतता हवी असते. बाकी सगळा पसारा फोल आहे. हा विचार धाकट्याने मांडला तेव्हा समोर मैदान भरून माणसं बसली होती आणि त्याच्या दोन्ही अंगांना माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर उभे होते. विचार पलीकडच्या वस्तीत आजारी पडलेल्यांनाही ऐकू गेला. टाळ्या अशा पडल्या की पुढचं कडवं त्याला पुन्हा पुन्हा सुरू करावं लागलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तो खरोखरच सगळं सोडून भावाच्या घरी राहायला आला. गाण्यात म्हटलेलं करून दाखवणारा गायक विरळा. तो विरळाच असलेला बरा, असं वहिनीचं मत आहे. पण ते नंतर झालं.

तो आला तेव्हा वहिनी शेडला टांगलेल्या गोणपाटांवर पाणी मारत होती. उन्हाळा असा होता की शेवटचं गोणपाट भिजेपर्यंत पहिलं वाळून कडक व्हायचं. विहिरीने तळ दाखवला होता. मोटार सकाळी जरा वेळ पाणी द्यायची आणि मग नुसती हवा ओढत खोकत बसायची. तो आवाज वहिनीला सोसत नसे, कारण घरात तसा आवाज काढणारं एक माणूस होतं. थोरला, म्हणजे तिचा नवरा, लग्नाच्या आधीपासून खडीच्या क्रशरवर कामाला होता. संध्याकाळी तो पिठात घोळल्यासारखा पांढराफेक होऊन यायचा आणि पडल्या पडल्या त्याच्या छातीत खडी चाळल्यासारखं वाजायचं. मग त्या दोघांनी होती तेवढ्या जमिनीत तुती लावली, घरामागे पत्र्याची शेड घातली आणि रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. अळ्यांनी थोरल्याला क्रशरवरून घरी आणलं. वहिनी देवाला फारसं काही मागत नसे. अळ्यांना मात्र पाला वेळच्या वेळी घालत असे.

ही बॅच पावसाळ्याआधीची शेवटची. ती साधली की तोवरचं भागणार होतं आणि थोरला घरी राहणार होता. फसली तर दुसरी घ्यायला ना पाणी होतं ना पाला. क्रशरचा मुकादम वाटेत भेटला की थोरल्याच्या खांद्यावर हात टाकून विचारायचा, काय मग, किड्यांनी अजून हाकलला नाही का तुला? थोरला हसायचा. घरी येऊन जेवायचा नाही.

"वहिनी, मी आलो," धाकटा म्हणाला.

"दिसतंय. किती दिवस?"

"कायमचा."

वहिनीने बादली खाली ठेवून त्याच्याकडे नीट पाहिलं. टीव्हीत दिसायचा त्याच्या निम्माच होता. डोळ्यांखाली काजळी धरली होती. तिने तांब्या हातात दिला तर हात असा कापला की पाणी तोंडात कमी आणि छातीवर जास्त गेलं. झोप लागत नाही म्हणाला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, पायाला तेल चोळून झालं, एका बुवांनी श्वास मोजायला सांगितला होता तेही झालं. मोजत मोजत उजाडायचं.

वहिनीने त्याला थोरल्याचे जुने कपडे दिले, उंबऱ्याशी ठेवलेल्या ब्लीचिंगच्या पाण्यात पाय बुडवायला लावले आणि शेडचं दार उघडून आत घेतलं. दोन रॅकांच्या मधल्या बोळीत पोतं अंथरलं. नुकताच पाला घातला होता. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं आणि आत सरींवर सरी पडाव्यात तसा आवाज भरून राहिला होता. हजारो अळ्या एकदम पानं कुरतडतात तेव्हा तो तसा येतो. धाकट्याने क्षणभर कान दिला, कुशीवर वळला, गुडघे पोटाशी घेतले आणि झोपून गेला. दुसरा पाला घालायची वेळ झाली तरी उठला नाही. वहिनी त्याला ओलांडून फांद्या टाकत राहिली.

तिने हे पूर्वीही केलं होतं. सासरे गेले तेव्हा धाकटा शाळकरी होता आणि झोपेत दचकून ओरडायचा. सासूबाईंनी स्वतःच्या दुःखात त्याला सुनेकडे असा सोपवला, जसा कामाला आलेल्या बाईकडे केरसुणी सोपवावी. ती त्याला शेडमध्ये घेऊन बसायची. ऐका, म्हणायची, पाऊस पडतोय. भावजी लहान असला तरी त्याला अहोजाहो करायची तिच्या माहेरची पद्धत होती. हगल्या-मुतल्या दिराला अहो म्हणणारी ही पहिलीच, असं शेजारणी म्हणत.

त्या पावसाचंच पुढे गाणं झालं. वहिनीने ते प्रथम पिठाच्या गिरणीत ऐकलं, गिरणीच्या आवाजावर मात करून येत होतं.

नको मला टाळ्या, नको मला हार,
दादाच्या घराचं उघडंच दार;
बाहेर कडक ऊन, घरात पाऊस,
आई म्हणे, नीज बाळा, भिजायला नको जाऊस.

पुढे पुष्कळ कडवी होती. मोठ्या नावाला विटलेला एक गायक आपले झगमगीत कपडे वाटेतल्या बुजगावण्याला घालतो आणि अनवाणी भावाकडे येतो; भाऊ मुंडासं बांधून बांधावर उभा असतो, एक शब्द न बोलता त्याच्या हाती विळा देतो, वगैरे. गिरणीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने वहिनीच्या पिठात दुसऱ्याचं पीठ मिसळलं.

वहिनीला गाण्यात तीन चुका दिसल्या. थोरल्याने जन्मात मुंडासं बांधलं नव्हतं. तो खताच्या कंपनीने फुकट दिलेली टोपी घालायचा. शिवाय एक शब्द न बोलणं त्याला जमणारं नव्हतं; मोटारीच्या विषयावर तो कुणालाही उभ्या उभ्या वाळवू शकत असे. दुसरं म्हणजे ते पावसाचं सांगणारी आई. सासूबाईंना अळ्यांची इतकी किळस होती की त्यांनी शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि तिसरी चूक दाराची. आख्ख्या गावात कायम बंद असणारं एकच दार होतं, ते शेडचं. अळीला उग्र वास चालत नाही, धूर चालत नाही, तंबाखूचा हात चालत नाही. माशी आत शिरली तर अळीच्या अंगावर अंडी घालते आणि सगळं मुसळ केरात. पण गाणं म्हणजे काही पंचनामा नव्हे, असं तिने मनाशी म्हटलं आणि पीठ चाळून घेतलं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. धाकटा सकाळी तिच्याबरोबर तुतीत उतरायचा. फांदी कापताना विळा स्वतःकडे ओढू नये हे त्याला बोट कापल्यावर कळलं. भारा डोक्यावर घेतला की त्याची मान गायकासारखी एका बाजूला कलायची आणि भारा दुसऱ्या बाजूने सुटायचा. थोरला मागून एकेक फांदी गोळा करत यायचा आणि कौतुकाने म्हणायचा, असू दे, असू दे, त्याला कुठे सवय आहे. दुपारी पाला घालून झाला की धाकटा त्या बोळीत झोपायचा. हाताचं कापणं कमी झालं. एक दिवस त्याने तांब्याभर पाणी न सांडता प्यायलं, तेव्हा वहिनीने पाठ वळवून उगाच भांडी सारखी केली.

मग पहिली गाडी आली.

तो कुठे आहे हे फाट्यावरच्या चहावाल्याने सांगितलं असावं, असा वहिनीचा संशय होता. चहावाला मात्र शपथेवर सांगत होता की आपण फक्त रस्ता सांगितला. त्या गाडीतली माणसं भली होती. त्यांनी धाकट्याचे हात हातात घेतले, तुम्ही आमचे डोळे उघडलेत म्हणाली, आणि घरातला पाऊस कुठे आहे असं विचारलं. धाकटा संकोचला. तुम्ही माझी शांतता समजून घ्याल, असं तो फार सुंदर शब्दांत म्हणाला. ते त्यांनी फोनमध्ये टिपून घेतलं आणि जाऊन सगळ्यांना दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तीन गाड्या आल्या. चहावाला आपला गाडा फाट्यावरून उचलून तुतीच्या बांधाला घेऊन आला. धाकट्याने मग रीतसर एक व्हिडिओ करून लोकांना हात जोडले: कृपा करून येऊ नका, मला एकटं राहू द्या. तो व्हिडिओ गाण्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. एकटं राहू इच्छिणारा माणूस कसा दिसतो हे बघायला बसगाड्या येऊ लागल्या.

सासूबाईंना ऐकू कमी येत होतं, पण आपल्या पाया पडतायत हे कळत होतं. त्या अंगणात खुर्ची टाकून बसू लागल्या. आई, तो पाऊस कसा असतो हो, असं कुणी ओरडून विचारलं की त्या म्हणत, यंदा कुठला आलाय पाऊस, विहीर बघा जाऊन. लोक एकमेकांकडे पाहून माना डोलवत. त्यातून त्यांना पुष्कळ अर्थ मिळत असावा. वहिनी मागून पाल्याचा भारा घेऊन गेली की कुणीतरी म्हणे, ताई, जरा बाजूला होता का, फोटोत येताय.

थोरल्याचं मात्र काहीतरी बिघडायला लागलं. एक पोरगी त्याला पाहून म्हणाली होती, तुम्हीच दादा? आणि तिची नजर त्याच्या टोपीवर गेली, टोपीवर खताच्या पोत्याचं चित्र होतं, आणि तिचा चेहरा पडला. थोरल्याने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने वहिनीची जुनी सुती साडी मधोमध फाडली आणि मुंडासं बांधलं. सुटलं. पुन्हा बांधलं. मग तो बांधावर जाऊन उभा राहू लागला. काहीही विचारलं की लगेच उत्तर न देता लांब बघायचा. वहिनीने मोटारीचा पट्टा घसरतोय म्हणून सांगितलं तरी तो लांबच बघत राहिला.

"अहो, काय होतंय तुम्हाला? बरं वाटत नाही का?"

"काही नाही गं," थोरला हळूच म्हणाला. "तिकडून फोटो काढतायत."

इतकी वर्षं नवऱ्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं, हे वहिनीला ठाऊक होतं. क्रशरवर सगळी माणसं सारखीच पांढरी असतात. त्यामुळे तिने साडीचं काही काढलं नाही.

पण दाराचं तिला सोडवेना. लोक थेट येऊन शेडच्या पत्र्याला हात लावत. आतून कडी लावली तर बाहेरून ठोठावत. तिने खडूने 'आत येऊ नये' असं लिहिलं, तर त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढू लागले. एकदा दोघं तोंडात तंबाखू भरून आत शिरले. तिने त्यांना ओलं गोणपाट उगारून बाहेर काढलं. जाताना त्यातला एक म्हणाला, गाण्यात जास्त चांगला वाटतो हो पाऊस.

त्या दिवशी पाला कापताना तिने विषय काढला.

"भावजी, ते दार कुठून आणलंत तुम्ही?"

"कुठलं दार?"

"उघडं."

धाकटा हसला. "ते तसलं दार नाही, वहिनी. मनाचं दार आहे."

"मनाचं असेल. लोक पत्र्याचं ढकलतात."

वहिनीने दोन फांद्या कापल्या, आणि ओळ बदलता येईल का म्हणून विचारलं. तो म्हणाला, 'हार'ला 'दार'च लागतं. दार राहू द्या की, ती म्हणाली, मी कुठे काढायला सांगते.

"'दादाच्या घराचं बंदच दार.' म्हणून बघा. बसतं."

धाकट्याने ओठातल्या ओठात, बोटांवर मात्रा मोजत म्हणून पाहिलं. कापलेल्या बोटाशी अडला, पुन्हा म्हटलं.

"बसतं," तो उदास होऊन म्हणाला. "पण मग कोण ऐकेल, वहिनी?"

त्याने एकाच फांदीची पानं कुरवाळली आणि मग आपणहून म्हणाला की आईच्या जागी तो तिलाच घालणार होता. पण गाण्यात लोकांना आई लागते. मी कुठे काय म्हणाले, वहिनी म्हणाली, आणि विळा जरा जास्तच जोरात चालवला.

अळ्या चौथ्यांदा कात टाकून उठल्या. यानंतर त्या कोष करेपर्यंत फक्त खातात, आणि जन्मभरात खाल्लं नसेल इतकं खातात. शेडमधला पाऊस अंगणापर्यंत ऐकू येऊ लागला. वहिनीची कंबर सरळ होईना. बोटांना चिकाचा काळा थर बसला होता, तो दगडाने घासूनही जात नव्हता. आपल्या तुतीतला पाला संपत आला तेव्हा ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्याने त्याच्याकडचा कापून न्यायला सांगितलं. वहिनी आणि धाकटा तिकडे निघाले. शेडपाशी थोरल्याला बसवलं. कुणाला आत घेऊ नका, असं ती निघताना म्हणाली आणि वळणावरून परत येऊन पुन्हा म्हणाली. थोरल्याने मुंडासं सारखं करत मान हलवली.

भारे घेऊन ते परतले तेव्हा ऊन कलत होतं. अंगणातून एक गाडी धूळ उडवत निघून गेली. वहिनीला लांबूनच शेडचं दार दिसलं. ते उघडं होतं.

तिने भारा टाकला आणि धावली. उंबऱ्यात ती थबकली, कारण तिच्या कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अर्ध्या शेडमध्ये पाऊस पडत होता आणि अर्ध्यात थांबला होता.

मग तिला वास आला. गोड, फुलांचा. दाराजवळच्या रॅकांवर अळ्यांनी माना वर केल्या होत्या आणि त्या कुणीतरी हाक मारल्यासारख्या इकडून तिकडे हलत होत्या. काही आखडून अर्ध्या झाल्या होत्या. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. वहिनीने एक तळहातावर घेतली. सकाळी ती थंडगार, भरलेली, बाळाच्या बोटासारखी होती. आता तिच्यात नुसतं कातडं वळवळत होतं.

थोरला कोपऱ्यात उभा होता. मुंडासं हातात होतं. काय झालं ते त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. चांगली माणसं होती, पाय धुवायला लावले, चपला बाहेर काढायला लावल्या, सगळं नियमाने केलं. आत डास होते. एकाला चावले. त्याने पिशवीतून बाटली काढली आणि हातापायांवर डासाचं औषध फुसफुस मारून घेतलं. नको नको म्हणेपर्यंत दुसऱ्यानेही घेतलं.

"पण दार कशाला उघडलंत?"

"त्यांनी विचारलं, दादा, गाण्यात तर दार कधी बंद नसतं." थोरल्याने मुंडाशाची कड बोटाला गुंडाळली. "मग काय, धाकट्याला खोटं पाडायचं होतं का मी?"

वहिनीला बोलायला वेळ नव्हता. तिने मागच्या खिडक्यांची गोणपाटं वर केली, त्या बाजूच्या चांगल्या अळ्या फांद्यांसकट उचलून आणखी मागे सरकवल्या, आणि दाराकडच्या रॅकांवरचं सगळं, जिवंत आणि मेलेलं, ओढून पोत्यांत भरायला घेतलं. थोरला पोती धरत होता आणि खोकत होता. धाकट्याने तुतीच्या टोकाला खड्डा घेतला. उन्हाने जमीन दगडासारखी झाली होती; तो न थांबता कुदळ मारत राहिला. पोती रिकामी केली, वर चुन्याची पावडर टाकली, माती लोटली. वहिनीच्या लक्षात आलं की त्याचे हात मुळीच कापत नाहीत. सहा माणसांनी मिळून घ्यावा एवढा खड्डा त्याने एकट्याने घेतला होता. एवढी झोप झालेला माणूसच असं काम करतो.

हातपाय धुताना ती त्याच्या शेजारी बसली.

"भावजी, आता तुम्ही जा."

त्याला कळायला वेळ लागला नाही. तरी तो म्हणाला की आजपासून तोच दारावर बसेल, कुणाची छाया पडू देणार नाही.

"तुम्ही दारावर बसलात तर दार बघायला दुप्पट येतील."

तो ओल्या हातांकडे पाहत राहिला. अंगणातून सासूबाई विचारत होत्या, त्या गाडीनंतर आणखी कुणी आलं नाही का रे?

"मला फक्त इथे झोप लागते, वहिनी."

"माहीत आहे मला. तुम्ही झोपलेले असलात की मी फांद्या हळू टाकायचे." तिने पाणी फिरवून तांब्या विसळला. "पण यांना क्रशरवर पाठवून तुम्हाला झोपवायचं, ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

थोरला मागे येऊन उभा होता. तो काहीतरी म्हणेल असं दोघांनाही वाटलं. तो लांब बघत राहिला. त्या वेळी तिकडे फोटो काढायलाही कुणी नव्हतं.

धाकटा सकाळी गेला. पायीच गेला, फाट्यापर्यंत. बांधावर चहा पिणाऱ्यांनी त्याचं जाणंही टिपून घेतलं, आणि एका टीव्ही चॅनेलने त्याला 'त्यागाचाही त्याग' असं नाव दिलं. वहिनीने त्याच्याबरोबर जेवण बांधून दिलं होतं, ते त्यात दिसत नव्हतं.

मागच्या बाजूच्या अळ्या जगल्या. त्या पिवळ्या, पारदर्शी झाल्या, कोषांसाठी मांडलेल्या जाळ्यांवर चढल्या आणि त्यांनी पांढरेशुभ्र, टणक कोष केले. कोष उत्तम होते, सगळे म्हणाले. पण अर्धे ते अर्धेच. थोरला एका सोमवारी उठला, डबा घेतला आणि क्रशरवर गेला. मुकादमाने त्याला काही टोमणा मारला नाही. नुसतं कोपऱ्यातलं फावडं दाखवलं. हे थोरल्याने घरी आल्यावर पुन्हा पुन्हा सांगितलं. काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं त्याचं म्हणणं होतं.

लोक आणखी काही दिवस येत राहिले. सासूबाईंनी खुर्ची लगेच आत घेतली नाही. मग गाड्या थांबल्या. वहिनीला वाटलं, धाकटा गेला म्हणून. चहावाल्याने गाडा परत फाट्यावर नेताना खरं कारण सांगितलं: बाजारात दुसऱ्या कुणाचं तरी गाणं आलं होतं. त्यात समुद्र होता. लोक तिकडे जात होते. धाकट्याला घालवला नसता तरी पंधरवड्यात सगळं निवलंच असतं, असं चहावाल्याचं मत पडलं, आणि ते त्याने वहिनीला न विचारता सांगितलं.

धाकट्याचा फोन यायचा. शहरात उंच इमारतीत घर घेतलं होतं. शेजारी कोण राहतं ते माहीत नाही, आणि त्यालाही कुणी ओळखत नाही, म्हणाला. कार्यक्रम पुन्हा सुरू झाले होते. झोपेचं वहिनीने भीतभीतच विचारलं. आता लागते, तो म्हणाला. फोनमध्ये पावसाचा आवाज मिळतो, लावून ठेवला की झालं. गडगडाटासकट हवा असेल तर तसाही मिळतो.

"खरा वाटतो का?"

"खऱ्यापेक्षा बरा आहे, वहिनी."

तिने बरं म्हटलं. थोरल्याला तिने फक्त झोप लागते एवढंच सांगितलं. तो म्हणाला, चला, एकाची तरी सोय झाली, आणि कुशीवर वळून खोकत राहिला.

थोरला डबा विसरून गेला त्या दिवशी वहिनी तो घेऊन क्रशरवर गेली. रस्त्याच्या कडेला धूळ अशी उडत होती की माणसं हालचालींवरून ओळखावी लागत. तिने त्याला मुंडाशावरून ओळखलं. साडीचा तो तुकडा त्याने डोक्याला गुंडाळून पुढे नाकातोंडावरून घेतला होता; क्रशरवर तो फार कामाचा निघाला, आणि आताशा तो सुटतही नसे. वहिनी डबा घेऊन पुढे होणार, तेवढ्यात रस्त्यावर एक मोठी गाडी हळू झाली आणि नेमकी त्याच्यासमोर थांबली. काच खाली गेली. आत गाणं वाजत होतं.

थोरल्याने फावडं टेकवलं. नाकातोंडावरचा पदर बाजूला केला, मुंडासं दोन्ही हातांनी सारखं केलं, आणि ताठ उभा राहून त्याने लांब पाहिलं.

"दादा," आतला माणूस म्हणाला.

वहिनी डबा धरून जागच्या जागी उभी राहिली. आत वाजणारं गाणं समुद्राचं होतं.

"दादा, इथे पंक्चर काढणारा कुठे मिळेल?"

थोरल्याने नजर खाली आणली आणि गाडीच्या चाकाकडे पाहिलं. मागचं चाक बसलं होतं.

"पुढे फाट्यावर दुकान आहे," तो म्हणाला. "पण आज बंद असतं."